परदेशातल्या भावंडांसोबत घरबसल्या शिकणं: आठवड्यातला अर्धा तास कसा जमवायचा?

रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागतो. इकडून आजी विचारते, "जेवलास का रे?" तिकडून उत्तर येतं, "हो." "शाळा कशी चाललीय?" "गुड." मग इकडच्या नातवाला पुढे ढकललं जातं, "अरे, दादाशी बोल की!" दोन्ही मुलं एकमेकांकडे बघून हसतात, हात हलवतात आणि मिनिटभरात दोघंही कॅमेऱ्यातून गायब होतात. पुढचा अर्धा तास मोठी माणसंच बोलत राहतात.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हे दर आठवड्याला घडतं. मुलांचं एकमेकांवर प्रेम नसतं असं नाही. एकत्र करायला काही नसतं, म्हणून गप्पा संपतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत हीच मुलं एका घरात आली की पहिल्या दिवशी बुजतात आणि दुसऱ्या दिवशी पत्ते, सायकल नाहीतर मातीत खड्डा खणणं असं काहीतरी हाती लागलं की त्यांना जेवायलाही बोलवावं लागतं. फरक असतो तो हाताला मिळालेल्या कामाचा.

हेच तत्त्व वापरून अनेक कुटुंबं आता वेगवेगळ्या देशांतल्या मुलांना घरबसल्या एकत्र शिकायला बसवतात. ही शिकवणी नाही, क्लासही नाही. आठवड्यातून एकदा साधारण अर्धा तास, दोन किंवा तीन मुलं आणि दोन्ही घरांत मिळून करायचं एक काम. ते कसं जमवायचं, काय करायचं आणि कशापासून जपायचं, ते या लेखात पाहू.

ही कल्पना आली कुठून?

देशोदेशीच्या मुलांना संगणकावरून जोडण्याचे प्रयत्न इंटरनेट घराघरांत येण्याआधीच सुरू झाले होते. १९८८ मध्ये, शीतयुद्ध संपलेलं नसताना, न्यूयॉर्क राज्यातल्या आणि मॉस्कोतल्या शाळांना जोडणारा एक प्रकल्प सुरू झाला. त्यातूनच पुढे 'आयअर्न' हे शाळांचं आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं. २००५ मध्ये युरोपात 'ई-ट्विनिंग' आलं. त्यात दोन देशांतले वर्ग जोडी करून एखादा विषय मिळून शिकतात.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण म्हणजे 'ग्रॅनी क्लाउड'. दिल्लीत १९९९ मध्ये भिंतीत संगणक बसवून वस्तीतली मुलं आपली आपण काय शिकतात हे पाहणारे प्रा. सुगत मित्रा यांनी २००९ मध्ये हा प्रयोग सुरू केला. ब्रिटनमधले स्वयंसेवक, त्यांत बरेच निवृत्त शिक्षक, स्काईपवरून भारतातल्या मुलांशी बोलू लागले. त्यांनी शिकवायचं नव्हतं. आजी जशी कौतुकाने विचारते, "अरे वा, हे कसं केलंस? मला सांग बघू," तसं विचारायचं होतं. २०१३ मध्ये मित्रांना टेड पुरस्काराचे १० लाख डॉलर मिळाले. त्यातून जी शिक्षण-केंद्रं उभी राहिली, त्यांतलं एक सातारा जिल्ह्यातल्या फलटणला होतं.

२०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळालेले रणजितसिंह डिसले हे तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक होते. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडसाठी ते ओळखले जातात. तणाव असलेल्या देशांतल्या तरुण मुलांना एकमेकांशी बोलतं करण्याचं कामही त्यांनी ऑनलाइन केलं आहे.

त्याच वर्षी कोरोनामुळे जगभरच्या शाळा बंद झाल्या. युनेस्कोच्या माहितीनुसार सर्वांत वाईट काळात १९० हून अधिक देशांतल्या सुमारे १५० कोटी विद्यार्थ्यांच्या शाळा बंद होत्या. मुलं घरात, आई-बाबा घरात आणि सगळ्यांसमोर स्क्रीन. शाळा पुन्हा उघडल्या, पण आजी-आजोबांसह सगळ्यांना व्हिडिओ कॉल करता येऊ लागला, तो कायमचा.

या सगळ्या प्रयोगांत एक गोष्ट सारखी दिसते. मुलांना नुसतं समोरासमोर आणून भागत नाही, त्यांच्यात काहीतरी देवाणघेवाण व्हावी लागते.

जोडी कशी लावायची?

वयातलं अंतर दोन वर्षांपर्यंत असेल तर मुलं बरोबरीने काम करतात. अंतर जास्त असेल तर मोठं मूल शिकवणारं आणि धाकटं शिकणारं होतं. तेही चालतं, पण मग मोठ्याला तशी स्पष्ट जबाबदारी द्या.

इयत्तेवरून अंदाज बांधू नका. इंग्लंडमध्ये 'यर सिक्स' म्हणजे १०-११ वर्षांची मुलं. आपल्याकडे साधारण त्याच वयाची मुलं पाचवीत असतात. "तो सहावीत आणि तू अजून पाचवीत?" हा प्रश्न म्हणूनच निरर्थक आहे.

नातेवाईक परदेशात नसतील तर शेजाऱ्यांची, मित्रांची मुलं चालतील. अमेरिका-कॅनडात बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा आहेत. तिथे मुलं पाठवणारे पालक अशा जोडीच्या शोधात असू शकतात. मात्र दोन्ही कुटुंबांतली मोठी माणसं आधी एकमेकांना नीट ओळखत असली पाहिजेत.

सुरुवात दोघांपासून करा, फार तर तिघांपासून. सहा भावंडांचा एकच कॉल म्हणजे सहा जणांचा गोंगाट. त्यातलं बुजरं मूल शेवटपर्यंत गप्पच राहतं.

वेळेचं गणित

भारताची वेळ वर्षभर एकच असते. अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियाच्या बऱ्याच भागात मात्र वर्षातून दोनदा घड्याळं मागे-पुढे होतात. रविवारी जमू शकतील अशा काही वेळा:

• लंडन: भारतात संध्याकाळी ५. तिथे उन्हाळ्यात दुपारी १२.३०, हिवाळ्यात सकाळी ११.३०.
• जर्मनी: भारतात संध्याकाळी ५. तिथे उन्हाळ्यात दुपारी १.३०, हिवाळ्यात १२.३०.
• न्यूयॉर्क, न्यू जर्सी: भारतात संध्याकाळी ७. तिथे उन्हाळ्यात सकाळी ९.३०, हिवाळ्यात ८.३०.
• कॅलिफोर्निया: भारतात रविवारी सकाळी ८. तिथे शनिवारची संध्याकाळ, उन्हाळ्यात ७.३० आणि हिवाळ्यात ६.३०.
• सिडनी: भारतात सकाळी ११. तिथे एप्रिल ते ऑक्टोबर दुपारी ३.३०, बाकीच्या महिन्यांत ४.३०.
• दुबई आणि सिंगापूर: वर्षभर फरक तोच. दुबई दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे.

अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतं, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. पुणे, लंडन आणि न्यू जर्सी असं त्रिकूट असेल तर मधल्या दोन-तीन आठवड्यांत हमखास घोटाळा होतो. त्या वेळी आदल्या दिवशी एक मेसेज टाकून खात्री करा.

सुट्ट्याही जुळत नाहीत. आपली मोठी सुट्टी मे महिन्यात असते, तेव्हा अमेरिकेतल्या बऱ्याच शाळा सुरू असतात. त्यांची सुट्टी सुरू होते तेव्हा आपली मुलं नवी दप्तरं घेऊन शाळेत निघालेली असतात. त्यामुळे "सुट्टीत करू" म्हणाल तर ते होत नाही. वर्षभर थोडं थोडं चालू ठेवणंच सोपं जातं.

भाषेचा पेच

सगळ्यात जास्त गाडी अडते ती इथे. तिकडच्या मुलाला मराठी कळतं, पण बोलताना इंग्रजीच तोंडात येतं. इकडचं मूल मराठी शाळेत असेल तर इंग्रजी बोलायला लाजतं. मग मोठी माणसं मध्ये पडतात. "बघ, किती फाडफाड इंग्रजी बोलतो, शीक जरा!" असं इकडच्याला ऐकवलं जातं. "एवढं साधं मराठी येत नाही? 'मी गेली' काय म्हणतोस, तू मुलगा आहेस ना?" असं तिकडच्याला. दोन्ही वाक्यं प्रेमापोटी बोललेली असतात. पण त्यानंतर दोन्ही मुलं पुढचा कॉल टाळायची कारणं शोधतात.

भाषा शिकवण्यात 'टँडेम' नावाची एक पद्धत आहे. वेगवेगळ्या भाषा येणारे दोघं जोडीने शिकतात. अर्धा वेळ एक भाषा, अर्धा वेळ दुसरी. प्रत्येक जण एकदा शिकवतो, एकदा शिकतो. घरच्या कॉलसाठी ही पद्धत अगदी सोयीची आहे. पंधरा मिनिटं मराठी, पंधरा मिनिटं इंग्रजी. मराठीच्या पाळीत इकडचं मूल जाणतं, इंग्रजीच्या पाळीत तिकडचं. दोघंही कुठे ना कुठे कच्चे आहेत हे दोघांनाही दिसतं आणि कमीपणा वाटत नाही.

यासाठी तीन साधे नियम पुरतात. उच्चारांवर हसायचं नाही. वाक्य अर्ध्यात तोडून चूक दाखवायची नाही. शब्द अडला तर दुसऱ्या भाषेतला वापरायचा आणि पुढे जायचं.

मराठीच्या पाळीसाठी नात्यांचे शब्द हा छान विषय आहे. इंग्रजीत सगळ्या 'आंटी'. मराठीत आत्या, मावशी, काकू आणि मामी वेगवेगळ्या. दोघांनी मिळून घराण्याची वंशावळ काढली की हा फरक पाठ करावा लागत नाही. आकड्यांचंही तसंच. 'एकोणसाठ' म्हणजे साठाला एक कमी हे एकदा उमगलं की पुढचे आकडे सोपे जातात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बावन्न'ऐवजी 'पन्नास दोन' अशी पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. कोणती पद्धत सोपी आहे, हे या दोन मुलांनाच ठरवू द्या.

काय शिकायचं? एका घरात होणार नाही ते!

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. पाढे, शुद्धलेखन आणि गृहपाठ घरी एकट्यानेही होतो. त्यासाठी दुसऱ्या देशातल्या भावाची गरज नाही. दुसऱ्या घरावाचून जे पूर्णच होणार नाही असं काम निवडलं, की मुलं स्वतःहून कॉलची वाट बघतात.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे सावलीचा प्रयोग. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या महाराष्ट्रात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हाच शून्य सावली दिवस. त्यातला एक मे महिन्यात येतो: कोल्हापुरात पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईत मध्याला, नागपुरात २६ मेच्या आसपास. दुसरा पावसाळ्यात येतो, तेव्हा बहुधा ढग असतात.

समजा एक मूल पुण्यात आहे आणि एक लंडनला. १३ मेच्या आसपास पुण्यातल्या मुलाने साडेबाराच्या सुमारास एक मीटरची काठी सरळ उभी करायची. सावली जवळजवळ शून्य होते. त्याच दिवशी लंडनच्या मुलाने तिथल्या दुपारी एकच्या सुमारास तेवढ्याच काठीची सावली मोजायची. ती सुमारे ६५ सेंटिमीटर भरते. काठी आणि सावली प्रमाणात कागदावर काढायची, दोन्हींची टोकं जोडायची आणि काठीच्या टोकाशी झालेला कोन कोनमापकाने मोजायचा. तो सुमारे ३३ अंश येतो.

आता ऑनलाइन नकाशावर पुण्यापासून सरळ उत्तरेला, लंडनच्या अक्षांशापर्यंतचं अंतर मोजा. ते साधारण ३,६७० किलोमीटर आहे. विमान जातं ते तिरकं अंतर इथे घ्यायचं नाही. ३३ अंशांना ३,६७० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? उत्तर येतं सुमारे ४०,००० किलोमीटर. हा पृथ्वीचा घेर! दोन हजार दोनशे वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या एराटोस्थेनिसने घेर याच युक्तीने काढला होता. त्याला दोन गावं लागली, आपल्याला दोन भावंडं. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे मात्र दोन्ही घरांत बजावून सांगा.

याच धर्तीची आणखी काही कामं:

• दिवसाची लांबी: दर रविवारी आपापल्या गावचा सूर्योदय आणि सूर्यास्त लिहून एकच आलेख काढायचा. डिसेंबरच्या उत्तरार्धात पुण्यात दिवस साधारण ११ तासांचा असतो, तर लंडनला आठ तासांपेक्षाही लहान. तिसरं भावंड सिडनीला असेल तर त्याचा आलेख बरोबर उलटा जातो.
• तापमान: इकडे सेल्सिअस, अमेरिकेत फॅरनहाइट. रूपांतर करावंच लागतं आणि गणित आपोआप होतं.
• आजी-आजोबांची मुलाखत: एकाने प्रश्न काढायचे, दुसऱ्याने प्रत्यक्ष विचारून आवाज रेकॉर्ड करायचा. आजीची शाळा, पहिला रेडिओ, गावातली जत्रा. चार-पाच मुलाखती झाल्या की घराण्याचा बोलका इतिहास तयार होतो.
• एकाच गोष्टीचं वाचन: प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली चित्रमय गोष्टींची पुस्तकं मोफत आहेत. एक पान याने वाचायचं, एक त्याने. 'किशोर' मासिकाचे जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात.
• स्वयंपाक: थालिपीठ किंवा बेसनाचे लाडू दोन्ही स्वयंपाकघरांत एकाच वेळी. इकडे वाटी, तिकडे कप, मध्ये वजनकाटा. गॅसजवळ मोठं माणूस हवंच.

प्रत्येक कामाची एक वही ठेवा. दोन्ही घरांत तीच तारीख, तीच नोंद. अमेरिकेत तारखेत महिना आधी लिहितात, हेही मुलांना तिथेच कळतं.

मोठ्यांनी काय करायचं?

पहिले दोन-तीन कॉल प्रत्येक घरातलं एक मोठं माणूस शेजारी बसलेलं असावं. नंतर त्याच खोलीत, पण जरा लांब. मुलांना अडलं तर लगेच उत्तर सांगू नका. ग्रॅनी क्लाउडमधला प्रश्न विचारा: "हे कसं केलंस? मला दाखव बघू." आजी-आजोबांना हे काम फार छान जमतं आणि त्यासाठी त्यांना इंग्रजी किंवा विज्ञान यायची गरज नसते.

अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. रंगात आलेलं काम तिथेच थांबवलं तर पुढच्या रविवारची ओढ राहते. शेवटची दोन मिनिटं पुढच्या वेळी काय करायचं ते ठरवण्यासाठी ठेवा आणि ते मुलांनाच ठरवू द्या.

अगदी लहानांसाठी वेगळा विचार हवा. जागतिक आरोग्य संघटना २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगते, तीही कमी असेल तितकी बरी. या वयात आजीने म्हटलेलं एखादं बडबडगीत, पाच मिनिटं, एवढं पुरे.

ॲप आणि इंटरनेट

दोन्ही घरांत आधीपासून असलेलं ॲप सर्वांत बरं. झूमच्या मोफत कॉलला ४० मिनिटांची मर्यादा आहे, म्हणजे आपला अर्धा तास आरामात बसतो. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल चालत नाहीत, त्यामुळे तिथल्या नातेवाइकांना काय चालतं ते आधी विचारा. ज्या स्काईपवरून हे सगळं सुरू झालं, ते मे २०२५ मध्ये बंद झालं.

गावाकडे रेंज जात असेल तर व्हिडिओचा हट्ट धरू नका. फोटो आधी पाठवा आणि फक्त आवाजावर बोला. वीज गेली तर व्हॉइस मेसेजवरही काम पुढे जातं. 'असर २०२४' या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पण आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेले ५७ टक्केच होते आणि सोशल मीडियासाठी वापरलेले ७६ टक्के. फोन घरात आहेच. त्याला थोडं चांगलं काम द्यायचं आहे.

सुरक्षिततेचे नियम

• कॉल पालकांच्या खात्यावरून लावा. व्हॉट्सॲपसाठी किमान वय १३ आहे. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल मानली जाते आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडियांवर खातं ठेवता येत नाही. देशागणिक नियम वेगळे आहेत, म्हणून खातं मोठ्यांचंच ठेवा.
• कॉल बैठकीच्या खोलीत, दार उघडं ठेवून.
• कॉलची लिंक मोठ्या फॅमिली ग्रुपवर टाकू नका. जे सामील होणार आहेत त्यांनाच पाठवा.
• स्क्रीनशॉट किंवा व्हिडिओ स्टेटसला, रीलला टाकण्याआधी दुसऱ्या घराला आणि दोन्ही मुलांना विचारा. शाळेचा गणवेश, घराचा पत्ता आणि "दर रविवारी पाच वाजता" ही माहिती एकत्र बाहेर जाऊ नये. शिवाय अडखळत वाचणाऱ्या मुलाचा 'क्यूट' व्हिडिओ व्हायरल झाला, तर ते मूल पुन्हा वाचायला बसेलच असं नाही.
• जोडी नात्याबाहेरची असेल तर मुलांमध्ये वेगळं खासगी चॅट नको.
• काही वावगं घडलंच तर मुलाला न रागावता ऐकून घ्या. भारतात मुलांसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० या हेल्पलाइन आहेत.

कुठे बिनसतं?

बहुतेक जोड्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत थंडावतात. कारणं नेहमीचीच. एका घरात परीक्षा येते, दुसऱ्या घरात फुटबॉलचा सराव. दोन रविवार हुकतात आणि तिसऱ्याला विचारायचा संकोच वाटतो. यावर उपाय म्हणजे सुरुवातीलाच फक्त सहा आठवड्यांचं ठरवणं. सहा कॉल, एक प्रकल्प, मग सुट्टी. पुन्हा वाटलं तर पुढचे सहा.

दुसरं कारण अधिक नाजूक आहे. हळूहळू तिकडचं मूल 'पाहुणा' होतं आणि इकडचं त्याला 'करमणूक' पुरवणारं. किंवा इकडचं मूल फक्त इंग्रजी सुधारायला बसवलेलं असतं. एकाच बाजूने देणं सुरू झालं की भावंडपण संपतं आणि शिकवणी सुरू होते. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी दोन्ही मुलांना वेगवेगळं विचारा, "तू त्याला काय शिकवलंस?" एकाकडे जरी उत्तर नसलं, तरी पुढचं काम बदला.

एवढा खटाटोप कशासाठी? आपल्या पिढीची भावंडं मामाच्या गावी जोडली गेली. पुढच्या पिढीतल्या अनेकांचा मामा ह्यूस्टनला असेल आणि भेट दोन-तीन वर्षांतून एकदा. मोठं झाल्यावर ती एकमेकांना फोन करतील का, आजीशी तिच्या भाषेत चार वाक्यं बोलू शकतील का, हे आज त्यांच्याजवळ एकत्र केलेलं काही आहे की नाही यावर बरंचसं अवलंबून आहे. येत्या रविवारी कॉल लागला की "दादाशी बोल" म्हणण्याऐवजी दोघांच्या हातात एकेक काठी द्या आणि सांगा, "दुपारी सावली मोजून एकमेकांना कळवा."